पाचनईच्या ग्रामस्थांचे व अनाम साहाय्यकर्त्यांचे जाहीर आभार

आमच्या गिर्यारोहण मंडळाचे ज्येष्ठ सदस्य हरिश्चंद्रगडावरून अकोले तालुक्यातील पाचनईच्या वाटेने उतरत असताना हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने आम्हाला सोडून गेले. ओळखपाळख नसताना ज्यांनी धावून येऊन आम्हाला आधार दिला, त्यांचे मंडळाच्या वतीने मनःपूर्वक आभार.

दुसऱ्या गटातील एका डॉक्टर भगिनींनी छातीवर दाब देण्याचे काम अखेरपर्यंत थांबू दिले नाही. स्वतः दमल्यावर त्यांनी आमच्यातील तरुणांना हात कसे ठेवायचे ते दाखवले आणि त्या नाडी धरून बसल्या. पाचनईचे ग्रामस्थ तर निरोप मिळताच बांबू, दोर आणि घोंगडी घेऊन वर आले. पावसाळ्यात त्या वाटेवरचा कातळ शेवाळाने निसरडा होतो आणि ओढ्याचे पाणी आडवे येते. अशा उतारावर पुढच्यांनी झोळीचा बांबू डोक्याच्या वर उचलून धरला, मागच्यांनी तो कमरेपाशी घेतला, आणि देह एकदाही कलंडू न देता पायथ्याशी आणला. मोबदल्याचा विषय निघताच त्यांनी हात जोडले. इतके मोठे मन आम्ही क्वचितच पाहिले आहे.

राजूरला नेणारे जीपचालक शवविच्छेदनाचे सोपस्कार संपेपर्यंत थांबले. ज्या माउलीने आमच्या वहिनींना आपल्या घरात जवळ घेऊन मनसोक्त रडू दिले, तिचे ऋण फिटणारे नाही.

आपण कोणीही नावे सांगितली नाहीत. घोंगडी परत करण्यासाठी व सर्वांना समक्ष भेटण्यासाठी मंडळाचे सदस्य तेराव्यानंतर पाचनईस येत आहेत.