सुन्या, एक काम आहे

प्रिय सुन्या,

फोन केला असता तर दुसऱ्याच मिनिटाला तू हसला असतास आणि मी रागानं फोन ठेवला असता. म्हणून लिहितोय. तब्येत ठीक, साखर जरा वर, आईचे गुडघे होते तसेच. झालं.

ओंकारनं पेनल्टी घालवली. फुटबॉलच्या फायनलला, शाहू स्टेडियमवर, टायब्रेकरात, बरोबरीनंतरच्या पेनल्ट्यांत. कीपर आधीच उजवीकडे पडला होता, डावी बाजू सताड उघडी, आणि आमच्या चिरंजीवांनी बॉल बारवरून थेट पब्लिकात धाडला. हरलो. हरल्याचं काही नाही रे, आपल्या पेठेत हरण्याची सवय कुणाला नाही? दोन दिवस शिव्या खायच्या, तिसऱ्या दिवशी चहाच्या गाडीवर परत उभं राहायचं.

पण हे पोरगं शिव्यांनी खचलेलं नाही. जेवतं, झोपतं, सकाळी प्रॅक्टिसला जातं. फक्त शेवटी पेनल्टी मारायची वेळ आली की खाली बसून बुटाची नाडी बांधायला लागतं. सगळ्यांच्या मारून होईपर्यंत नाडी सुटत नाही आणि बसतही नाही. मी कुंपणाबाहेरून बघतो, त्याला ते माहीत नाही. परवा तर साध्या मॅचमध्ये बॉक्सात समोर फक्त कीपर होता, तरी यानं बॉल मागं दिला. सुन्या, तिथं माझ्या पोटात गोळा आला. कोच म्हणतो, वय आहे, जाईल. आमच्या घरात म्हणणं असं की पेनल्टीच ना, दुसऱ्यानं मारावी. यावर काय बोलणार? वहिनीला सांगून बघ, तीही हेच म्हणेल.

तर त्याला चार गोष्टी सांगाव्यात म्हणून बसलो आणि लक्षात आलं की माझ्याकडे सांगायला आहे काय? हॉलंड! आयुष्यभर ज्यांच्या नावानं रात्री जागवल्या त्यांचा पेनल्टीचा इतिहास पोराला सांगायचा म्हणजे तापलेल्याला उन्हात बसवायचं. १९९२ ला युरो कपच्या सेमीफायनलला डेन्मार्ककडून गेलो. हुकली कुणाची, तर व्हान बास्टेनची. १९९६ ला फ्रान्सकडून, सीडॉर्फ. १९९८ ला ब्राझीलकडून. २०१४ आणि २०२२, दोन्ही वेळा अर्जेंटिना. अधूनमधून जिंकलो, २००४ ला स्वीडन, २०१४ लाच कोस्टा रिका, पण ते लक्षात कुणाच्या राहतंय.

आणि २००० चा युरो. ॲमस्टरडॅम, घरचं मैदान, सेमीफायनल, चौतिसाव्या मिनिटापासून इटलीचे दहाच खेळाडू. तुमच्या माडीवर तू त्या रात्री शेंगदाणे खात जे दात काढत होतास ते मी विसरलेलो नाही. मॅचमध्येच दोन पेनल्ट्या मिळाल्या. फ्रँक डी बोअरची त्यांच्या कीपरनं, टोल्डोनं अडवली, क्लायव्हर्टची खांबाला लागली. मग टायब्रेकर. पहिला कोण आला? परत डी बोअर. परत टोल्डो. स्टॅमनं तर बॉल कुठं मारला ते अजून सापडलेलं नाही. शेवटी बॉसवेल्टची पण टोल्डोनंच धरली. सहा पेनल्ट्या, गोल एक, आणि तो एक गोल क्लायव्हर्टचा. खांबाला मारणाऱ्याचा!

हे मला फार दिवसांनी दिसलं. मनात आलं, हेच सांगू, बघ, ज्याची हुकली तोच परत गेला आणि त्यानंच घातली. पण ओंकार हुशार आहे. तो लगेच विचारणार, मग डी बोअर? तोही परत गेलाच होता ना? काय उत्तर देऊ? एकाच मॅचमध्ये दोघं परत गेले, एकाला मिळालं, एकाला नाही. खोटं सांगायचं तर त्याला सगळं मोबाईलवर दिसतंय.

आता जे लिहितोय ते वाचून नाचू नकोस. याला औषध तुझ्या जर्मनीकडे आहे.

तुझा तो उली हॉनेस. १९७४ ची वर्ल्डकप फायनल, म्युनिक, समोर आमचं हॉलंड, पहिल्याच मिनिटाला क्रॉइफला यानंच पाडलं, नेस्केन्सनं पेनल्टी घातली, तोवर जर्मनीच्या एकाही माणसाचा बॉलला पाय लागला नव्हता. (पुढं २-१ तुम्ही जिंकलात, माहीत आहे, थांब.) त्याच वर्ल्डकपात पोलंडविरुद्ध याची स्वतःची पेनल्टी त्यांच्या कीपरनं, टोमाशेव्हस्कीनं अडवली होती. आणि तरी १९७६ ला बेलग्रेडमध्ये, युरोच्या फायनलला, टायब्रेकरात हा परत चालत आला. बॉल बारवरून, अगदी ओंकारसारखा. त्यानंतर चेकोस्लोव्हाकियाच्या पानेन्कानं तुमच्या कीपरला, मायरला ती हलकीच चिप घातली आणि जग पानेन्काचंच नाव घेत बसलं. हॉनेस पुढं बायर्नचा सर्वेसर्वा झाला. करचुकवेगिरीत आत जाऊन आला ते मात्र पोराला सांगू नकोस.

दुसरा श्टीलिके. १९८२, सेव्हिया, सेमीफायनल, फ्रान्स. हुकल्यावर तिथंच जमिनीवर कोसळून रडायला लागला. लिटबार्स्कीनं त्याला जवळ घेतलं. तेवढ्यात तुमच्या कीपरनं, शूमाखरनं फ्रान्सच्या सिसची पेनल्टी अडवली, आणि तोच लिटबार्स्की उठून गेला आणि त्यानं आपली घातली. १९८२, ८६, ९०, २००६, वर्ल्डकपातल्या या चार टायब्रेकरांत जर्मनीच्या अठरा पेनल्ट्यांपैकी सतरा गोल. हुकलेली एकच, ती श्टीलिकेची. आणि ती मॅचही जर्मनीनं जिंकली. ओंकारला नेमकं हे हवंय, की आपली हुकली तरी बाकीचे उभे असतात. आमच्या हॉलंडात बाकीचेही हुकवतात.

पण हे मी सांगितलं तर त्याला वाटणार बाबा आता जर्मनीच्या वाटेवर गेला, म्हणजे प्रकरण फारच गंभीर आहे. म्हणून तू सांगायचंस. सुनीलकाकाचं तो ऐकतो, तुला माहीत आहे. दिवाळीला येणार आहेस ना? त्याच्या आधी एखादा शनिवार-रविवार काढ. मुद्दाम आलास असं दाखवू नकोस. सकाळी ग्राउंडवर चल, कीपर म्हणून तू उभा राहा. तुझं पोट बघता निम्मा गोल तसाच झाकला जाईल. दोन-चार हुकू देत त्याच्या, काही बोलू नकोस, मग मिसळ खाताना श्टीलिकेचा विषय काढ.

रिमझिमची दहावी कशी गेली? बदलीचं काय झालं? नवीन घराचं पझेशन मिळालं का, की बिल्डर अजून गणपतीचीच तारीख देतोय? सविस्तर लिही. वहिनींना नमस्कार.

एक अट आहे. १९९० च्या मिलानच्या हॉलंड-जर्मनी मॅचचा विषय काढायचा नाही. थुंकला तो आमचा राइकार्ड तुमच्या फोलरवर, मान्य, पण तेवढ्यावर पस्तीस वर्षं मला बोलायला तू काय फोलर आहेस? काढलासच, तर मी ८८ चा हॅम्बर्ग काढीन, तिथं तुम्हाला हरवणाऱ्या व्हान बास्टेनच्या अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाच्या गोलासकट, तेही तुझ्या बायकोसमोर.

येताना रेनकोट आण, इथं धो धो चालू आहे.

तुझा,
दिग्या