२५,००० तासांचा बल्ब १४ महिन्यांत गेला, आता मेलेला बल्ब द्यायचा कुठं?

प्रति, कस्टमर केअर

सर/मॅडम नमस्कार,

मी मंगळवार पेठ, कोल्हापूर इथं राहतो, उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप आहे. मागच्या वर्षी गणपतीच्या तोंडावर लक्ष्मीपुरीतनं तुमचे ९ वॅटचे सहा एलईडी बल्ब घेतले. मला एक सवय आहे, बेअरिंग असो नाहीतर बल्ब, बसवला की मार्करनं तारीख टाकायची, त्यामुळं "कधी लावलेला ते नक्की आठवतंय का सर" असं फोनवरच्या मॅडमनी तीनदा विचारलं तरी माझं उत्तर तेच राहणार, बल्बावर लिहिलंय.

सहातले चार गेले. पहिला पाच महिन्यांत, शेवटचा परवा, चौदाव्या महिन्यात. आमच्याकडं दिवसाला धरून चाला सहा तास लागतो, म्हणजे चारांत जो लई जगला तो साधारण २,५०० तास. बॉक्सवर तुम्ही छापलंय २५,०००. त्या हिशेबानं बल्ब अकरा वर्षं चालायला पाहिजे होता, आमचा धाकटा तोवर कॉलेजला गेला असता.

तुमचं पहिलं उत्तर आलं की व्होल्टेज फ्लक्च्युएशन असेल. बॉक्सवर १०० ते ३०० व्होल्ट लिहिलंय ते मग कशाला लिहिलंय ओ? मी आठवडाभर मीटर लावून बघितलं, २१५ ते २४५ च्या मधेच आहे. दुसरं उत्तर, बंद डोममध्ये लावला असेल. हे मात्र मान्य, दोन डोममध्येच होते, आत उष्णता कोंडते हे मला कळतं. पण ही सूचना बॉक्सच्या तळाला मुंगीएवढ्या अक्षरात आहे आणि २५,००० मात्र लांबनं दिसतंय. शिवाय बाकीचे दोन उघड्या होल्डरलाच होते, त्यांचं काय?

म्हणून चारही फोडून बघितले. तिघांचा ड्रायव्हरमधला, म्हणजे एलईडीला वीज जुळवून देणाऱ्या आतल्या सर्किटमधला, कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) फुगलेला. चौथ्यात प्लेटवरच्या एका एलईडीवर काळा ठिपका, सगळे सिरीजमध्ये, म्हणजे एकामागं एक जोडलेले असल्यामुळं एक गेला की सगळा अंधार. म्हणजे प्रकाश देणारा माल बहुतेक शाबूत आहे, गेलंय ते दोनचार रुपयांचं कपॅसिटर. ते उष्णतेनं आतून वाळतं, दर १० डिग्री वाढली की आयुष्य निम्मं होतं हे इलेक्ट्रॉनिक्सवाला कुठलाही पोरगा सांगंल. तुमच्या इंजिनिअरना माहीत नाही असं कसं होईल? मग जास्त टेंपरेचर सोसणारं का नाही घालत, आणि वरची टोपी गोंदानं अशी का चिकटवता की दुरुस्तीला उघडायला गेलं की तुकडेच होतात? आमच्याकडं लेथचा एक बेल्ट तुटला म्हणून कोणी लेथ भंगारात घालत नाही.

वॉरंटी दोन वर्षं आहे, बरोबर. पण दोन वर्षं म्हणजे सहा तासांनी ४,३८० तास, म्हणजे २५,००० वर तुमचाच भरवसा नाही. आणि बिल दाखवा म्हणता तर ते थर्मल कागदाचं बिल कपाटात ठेवूनसुद्धा कोरं झालंय, फोटो सोबत जोडलाय, त्यात काय दिसतंय ते तुम्हीच मला सांगा.

बचत खोटी आहे असं मी म्हणत नाही. ६० वॅटच्या जागी ९ म्हणजे एका बल्बमागं महिन्याला नऊएक युनिट वाचतात, लाईटबिलात फरक पडलाय. २०१५ च्या उजाला या सरकारी एलईडी योजनेतला एक बल्ब तर अजून देवघरात चालू आहे. तेव्हा जमत होतं, आता काय झालं?

खरा प्रश्न पुढंच आहे. पोटमाळ्यावर एक पिशवी आहे, त्यात हे चार आणि जुने तीन सीएफएल, म्हणजे ते वळणदार नळीचे बल्ब, तेही तुमचेच, त्यांच्यावरपण ऊर्जाबचत, हिरवं पान वगैरे छापलेलं. सीएफएलमध्ये थोडा का होईना पारा असतो, चार मिलिग्रॅमच्या आसपास. मागं साफसफाईत एक फुटला तर आईनं सवयीनं झाडूनं लोटला, मला नंतर कळालं की माणसं बाहेर काढून खिडक्या उघडायच्या, दहा-पंधरा मिनिटांनी जाड पुठ्ठ्यानं गोळा करायचं, झाडू लावायचा नाही. हे बॉक्सवर ठळक छापलं असतं तर? दुकानदार म्हणतो आम्ही घेत नाही, टिप्परवाला म्हणतो टाका की गाडीत. टाकलं की ते कसबा बावड्याकडच्या कचऱ्याच्या डोंगरात, तिथनं पावसात पंचगंगेकडं, आणि नदीचं पाणी आमच्या गल्लीत २०१९ ला आणि २०२१ ला येऊन भेटून गेलंय. २०१६ च्या ई-कचरा नियमांपास्नं सीएफएल परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, २०२२ चे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेत. तरी तुमच्या फोनवर "सर, तुमच्या एरियात पिकअप नाही" एवढंच ऐकायला मिळतं. कोल्हापूर म्हणजे काय आडरानातलं गाव आहे का?

चार बल्ब बदलून द्या, हे पहिलं. पण बदलून दिलेले परत फुगले तर मी परत फोडून बघणार, ते सोडा. लक्ष्मीपुरीतल्या तुमच्या डीलरकडं एक पेटी ठेवा, मेलेले बल्ब घ्यायला, आणि ते पुढं कुठं जातात ते मला लेखी कळवा. पंधरा दिवस वाट बघतो, नंतर १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार आणि जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज, पाच लाखांपर्यंत फी लागत नाही हे मी विचारून घेतलंय.

चार एलईडीचं पार्सल आजच पाठवलंय, तारखा बल्बांवर आहेत. सीएफएल मात्र पाठवत नाही, वाटेत फुटला तर कुरियरच्या पोराला त्रास. ते न्यायला तुमचा माणूस पाठवा, पुठ्ठा घेऊन.

आपला ग्राहक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर