पारंपरिक नाही, तुझं आहे

जळगाव
रविवार, रात्री

प्रिय पक्या,

दीड वर्ष झालं, मी फोन केला नाही. तूही केला नाहीस, पण ते आत्ता राहू दे. आईची शुगर ठीक आहे, माझी पाठ दुखते ती दुखतेच.

परवा धरणगावला मावसभावाच्या हळदीला गेलो होतो. दारात बँडची गाडी, पुढे पोरं नाचतायत, मी वरण-बट्टी खात बसलेलो. बँजोवाल्याने सूर धरला आणि माझा घास हातातच राहिला. 'गिरणा मनी माय, तुले पानी का नही'! चाल आपलीच, ठेका दुप्पट, आणि पुढच्या ओळीत पाण्याच्या जागी नवरदेव घुसवलेला. शेजारी बसलेले बाबा सांगू लागले, "जुनं गाणं आहे, आमची आजी म्हणायची." मला रडू आलं भो. आधी आनंदाने आलं, पण मग थांबेना.

गेल्या दिवाळीत तू लिहिलेलं हे गाणं ऑनलाइन टाकायला एका कंपनीचा फॉर्म भरला. गीतकाराचा रकाना आला. तुला फोन लावायला म्हणून मोबाइल हातात घेतला आणि लावला नाही. कंपनीचा माणूस म्हणाला, कवीची सही नसेल तर 'पारंपरिक' लिहा, काम लवकर होईल. मी लिहिलं. तू रागावून गेला होतास, तुझी सही मागायला मला जड जात होतं, एवढंच खरं कारण. गाणं 'पारंपरिक' झालं म्हणजे ते कुणाचंच उरलं नाही. तो बँडवाला काय चोर नाही, त्याने तर ते उचलून गावोगाव नेलं. मीच त्याला सांगितलं होतं की याला धनी नाही.

विचार कर, बहिणाबाईंच्या ओव्या त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि त्यांच्या मावसभावाने लिहून घेतल्या नसत्या तर? १९५१ साली त्या गेल्या, पुस्तक आलं १९५२ मध्ये. कागदावर उतरलं नसतं तर त्यांच्या माहेरच्या आसोद्यापासून चार कोसांवरच लोकांनी त्याला 'बायकांची जुनी गाणी' म्हटलं असतं. आपण शाळेत त्यांचं नाव घेऊन वाढलो, आणि मी तुझंच नाव खाल्लं.

कायदा वाचला. कॉपीराइटला नोंदणी लागत नाही, लिहिलं त्या क्षणी ते तुझं झालं, आणि तुझ्यानंतरही साठ वर्षं घरच्यांचं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कुणी करारात लिहून घेऊन हिरावू शकत नाही. पण रकान्यात नावच नसेल तर वाटा द्यायचा कुणाला? तू आयपीआरएसचा, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचा, सभासद हो, गाणं तुझ्या नावाने तिथे नोंदव. कंपनीला मी दुरुस्तीचा मेल टाकला आहे. ते पुरावा मागतील, तो माझ्याकडे आहे. आठवतं, बांभोरीच्या पुलाखाली मे महिन्यात बसलो होतो? धरणातून आवर्तन सुटलेलं नव्हतं, कोरड्या पात्रातून वाळूचे ट्रॅक्टर चालले होते, आणि तू माझ्या वीजबिलाच्या मागे दोन कडवी लिहिलीस. ते बिल अजून गिटारच्या केसमध्ये आहे, तारखेसकट. (बिल मात्र भरलं होतं, तुझं म्हणणं काहीही असो.)

आणि ते हिंदी कडवं. मुंबईच्या कॉलेजात चालेल म्हणून मी हटून बसलो होतो, तू अँपची वायर उपटून निघून गेलास. तुझं बरोबर होतं. हळदीत नाचणाऱ्या एकाही पोराला हिंदी कडव्याची गरज पडली नाही. वायर मात्र तू फेकायला नको होतीस, ती टिल्याची होती.

आपल्या बँडचं म्हणशील तर आपण सराव करायचो ती सावद्याची केळी पिकवायची खोली गेली. मामाने ती पुन्हा व्यापाऱ्याला दिली. भिंतींच्या पफ पॅनलमुळे आवाज कसा आतल्या आत राहायचा! आता टिल्याच्या गच्चीवर वाजवतो, आठला शेजारी ओरडतात. खोलीत टिल्या म्हणायचा, "अजून तासभर थांबलो तर आपणच पिवळे होऊ," तेच बरं होतं. टिल्या लग्नसराईत बँडमध्ये ढोल वाजवतो, तिथे रोख मिळतात. आपल्या बेसवाल्या मोठ्याची भुसावळला रेल्वेत रात्रपाळी, बेसला गंज लागलाय. वर्षभरात दोन कार्यक्रम झाले, एक गणपतीत. २०१३ मध्ये गिटारवादक सुस्मित सेन दिल्लीच्या इंडियन ओशन बँडमधून बाहेर पडले तेव्हा तू म्हणालास, संपला बँड. नाही संपला, वाजवतायत. आम्हीही वाजवतोय, पण तुझी जागा कुणाला दिली नाही. माइकचा तो दुसरा स्टँड उघडतच नाही आम्ही.

तुझी पोर चालायला लागली असेल. वहिनीची शाळा सुरू झाली का? पुण्यात नीट खा.

आता मुख्य सांग. मेलमध्ये तुझं नाव कसं घालू? कागदावरचं पूर्ण, की काकूंचं नाव मधे घालून, जसं तू वीजबिलाच्या मागे सही केलीस तसं? मला दुसरं आवडेल, कारण ते गाणं नदीआडून काकूंवरच होतं, आणि हे तुझ्या-माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. पण तू म्हणशील तेच टाकतो. शनिवारपर्यंत कळव.

तुझा,
बंड्या