विश्वासांगीकार बाजूला ठेवला तर शिष्यत्व कशाचे?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नाताळच्या निमित्ताने आपल्या रविवार पुरवणीत प्रसिद्ध झालेला येशू ख्रिस्तावरील लेख मी आस्थेने वाचला. लेखकाचा आदरभाव ओळीओळीतून जाणवतो. इंदूरचा मराठी माणूस म्हटला की होळकर, राजवाडा आणि गणेशोत्सव एवढेच बहुतेकांना आठवते. अशा शहरात मराठी वाचकांसाठी ख्रिस्ती विषयावर कोणी मनापासून लिहावे, याचा येथील एक मराठी ख्रिस्ती म्हणून मला आनंदच आहे. लेखाचा निष्कर्ष मात्र मला पटला नाही. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव), देहधारण (देवाने येशूच्या रूपात माणूस होणे), पुनरुत्थान (येशूचे मरणातून उठणे) हे धर्मपंडितांचे वाद आहेत, ते वगळले तरी डोंगरावरील प्रवचनातली नीती जशीच्या तशी उरते आणि तेवढी आचरली की येशूचे शिष्यत्व साधले, असे लेखकाचे म्हणणे आहे; थोडक्यात, विश्वासांगीकार (ख्रिस्ती श्रद्धेची ठरलेल्या शब्दांतली कबुली) बाजूला ठेवता येतो. सुशिक्षित वर्गात हे मत नवे नाही. आमच्या मंडळीतील (चर्चमधील) तरुणांच्या तोंडीही ते अधूनमधून ऐकू येते, म्हणून हे पत्र.

शुभवर्तमानात शिष्यत्वाची मागणी ज्या प्रसंगी केली जाते, तो प्रसंगच या मताच्या विरोधात जातो. मार्काच्या आठव्या अध्यायात फिलिप्पाच्या कैसरियाकडे जाताना येशू शिष्यांना विचारतो की लोक मला कोण म्हणतात. कोणी बाप्तिस्मा करणारा योहान म्हणतात, कोणी एलिया, कोणी संदेष्ट्यांपैकी एक. मग तो प्रश्न शिष्यांनाच केला जातो आणि पेत्र उत्तरतो की आपण ख्रिस्त, म्हणजे देवाने अभिषेक केलेले तारणारे, आहात. उत्तर बरोबर आहे. पण मला पुष्कळ दुःखे सोसावी लागतील, जिवे मारले जाईल आणि तीन दिवसांनंतर मी पुन्हा उठेन, असे येशू उघडपणे सांगू लागताच तोच पेत्र त्याला बाजूला घेऊन त्याचा निषेध करू लागतो आणि ‘सैताना’ असे संबोधन ऐकून घेतो. त्यानंतरच येशू सर्व लोकांना बोलावून सांगतो की ज्याला माझ्यामागे यायचे आहे त्याने स्वतःला नाकारावे, आपला वधस्तंभ उचलावा आणि मला अनुसरावे. म्हणजे तो कोण आहे हे आधी, त्याचे काय होणार हे नंतर, आणि शिष्याने काय करायचे हे शेवटी. ‘संदेष्ट्यांपैकी एक’ या उत्तरावर थांबणाऱ्याला तिसरी मागणी मान्य करण्याचे काही कारण राहत नाही, कारण आपले उपदेश पाळावेत एवढे कोणताही गुरू म्हणू शकतो, पण तुमचा जीवच माझ्यासाठी द्या असे म्हणण्याचा अधिकार गुरूला कोठून येणार? खुद्द डोंगरावरील प्रवचनही या प्रश्नातून सुटत नाही. पूर्वजांना जे सांगितले गेले ते उद्धृत करून ‘मी तर तुम्हांला सांगतो’ असे म्हणणारा तेथे बोलत आहे, आणि प्रवचन संपल्यावर लोक थक्क होतात ते त्याच्या अधिकारवाणीने, असे मत्तयाने स्पष्ट नोंदवले आहे.

लेखकाने बिशपांच्या निकिया येथील परिषदेचा उल्लेख थोड्या उपहासाने केला आहे. इ. स. ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने ती बोलावली, तीत राजकारण होते, हे खरे आहे आणि ते नाकारण्याची गरज नाही. परंतु वादाचा विषय पोकळ नव्हता. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस म्हणत होता की पुत्र, म्हणजे ख्रिस्त, कितीही श्रेष्ठ असला तरी तो निर्माण केलेलाच आहे. परिषदेने निर्णय दिला की पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे. एरियसचे म्हणणे खरे धरले तर वधस्तंभावर देवाने दुसऱ्याच कोणाला तरी दुःख सोसायला पाठवले, असे होते. निकियाचे खरे असेल तर देव स्वतः आला. या दोन देवांचे शिष्य सारखेच वागतील, असे मला वाटत नाही.

हे केवळ माझे अनुमान नव्हे. फिलिप्पै येथील मंडळीत कुरबुरी होत्या. प्रेषित पौलाबरोबर झटलेल्या दोन स्त्रियांचे आपसात पटत नव्हते आणि त्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात त्यांची नावे घेऊन त्याने त्यांना एकचित्त होण्याची विनंती केली. त्याच पत्रात तो म्हणतो की प्रत्येकाने दुसऱ्याला आपल्यापेक्षा श्रेष्ठ मानावे, आणि याला आधार म्हणून तो व्यवहारज्ञानाची चार वाक्ये देत नाही, तर देवाच्या स्वरूपाचा असूनही ज्याने दासाचे स्वरूप घेतले आणि वधस्तंभावरचे मरण पत्करले त्या ख्रिस्ताकडे बोट दाखवतो. देहधारणाविषयी नव्या करारातील सर्वांत उंच विधानांपैकी एक अशा रीतीने मंडळीतले भांडण मिटवण्यासाठी लिहिले गेले आहे. (आमच्या मंडळ्यांच्या वार्षिक सभांत हा अध्याय आधी वाचावा, असे मला अनेकदा वाटते.)

क्षमेच्या बाबतीत तर श्रद्धा आणि आचरण वेगळे काढताच येत नाही. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील दाखल्यात ज्या दासाला दहा हजार टॅलंटचे कर्ज सोडले जाते, तोच आपल्या सोबत्याला शंभर दिनारांसाठी तुरुंगात टाकतो. दिनार ही एका मजुराची दिवसाची मजुरी होती आणि एका टॅलंटचे सुमारे सहा हजार दिनार होत. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी माफ झालेला मनुष्य शंभर दिवसांच्या मजुरीसाठी दुसऱ्याचा गळा धरतो. ‘क्षमा करणे चांगले’ अशी शिकवण या दाखल्यात नाही. तुला आधीच क्षमा मिळाली आहे, तीही न फेडता येणाऱ्या कर्जाची, म्हणून तू क्षमा कर, असे त्याचे म्हणणे आहे. ख्रिस्ती लोक कृपा म्हणतात ती हीच, आणि ती वजा केली की क्षमेची आज्ञा माणसाच्या चांगुलपणावर टाकलेला एक अवघड बोजा होऊन बसते.

याचे उदाहरण शोधायला आपल्याला दूर जावे लागत नाही. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी देवास जिल्ह्यातील उदयनगरहून इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये सिस्टर राणी मारिया यांची प्रवाशांदेखत हत्या झाली. केरळातून आलेल्या या धर्मभगिनीने तेथील आदिवासींना सावकारांच्या पाशातून सोडवण्याचे काम हाती घेतले होते. त्यांच्या कुटुंबीयांनी मारेकऱ्याला क्षमा केली. त्यांच्या धाकट्या बहिणीने, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन त्याच्या हाताला राखी बांधली, आणि त्याच्या सुटकेसाठीही त्या घराने शब्द टाकला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरातच राणी मारियांना ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले, तेव्हा आपल्या शहरातील वृत्तपत्रांनी त्याची दखल घेतली होती. या क्षमेचे कौतुक सर्वांनी केले, पण ती कोठून आली याविषयी फारसे कोणी विचारले नाही. केवळ नीतिबोधाच्या बळावर सख्ख्या बहिणीच्या मारेकऱ्याला भाऊ मानता येत असेल तर मी माझे म्हणणे मागे घेईन. मला तरी ते वधस्तंभावर क्षमा करणाऱ्यावरील विश्वासावाचून शक्य वाटत नाही.

आता आमच्या बाजूचा दोष. उपासनेत विश्वासांगीकार आम्ही उभे राहून म्हणतो, आणि बाहेर आल्यावर कोणाची मुलगी कोणत्या जातीतून आलेल्या ख्रिस्ती घरात द्यायची याची चर्चा करतो. याकोबाने आपल्या पत्रात लिहिले आहे की देव एकच आहे असा विश्वास भुतेही धरतात आणि थरथर कापतात. तेव्हा नुसत्या पाठांतराने आम्ही त्यांच्या पुढे गेलो असे होत नाही. प्रॉटेस्टंट सुधारक मार्टिन लूथरला हे पत्र फारसे रुचले नव्हते आणि १५२२ मध्ये त्याने त्याला गवताचे, म्हणजे हलक्या मोलाचे, म्हटले, याचा आधार घेऊन आमच्यातले काही जण ‘केवळ विश्वास’ या शब्दांत आळस लपवतात. दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यातली श्रद्धा स्वतः कबूल करण्याच्या विधीच्या) वर्गात मुलांकडून उत्तरे घोकून घेतली जातात. त्या उत्तरांनी तुमच्या घरातल्या मोलकरणीशी वागण्यात काय फरक पडला, असे त्यांना कोणी विचारत नाही.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण यासाठी मोलाचे आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण त्रैक्याचा सिद्धान्त केवळ चर्च सांगते म्हणून मान्य करायला त्यांनी नकार दिला आणि तेथील धर्मभगिनी सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून निकराने वाद घातला. पुढे त्यांनीच लिहिले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त अद्याप सापडला नव्हता. तो सापडल्यावर त्यांनी केले काय, तर १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात फिरून उपाशी, निराधार मुलींना सोबत नेले आणि पुण्याजवळ केडगावला मुक्ती सदन उभारले. प्रश्न विचारून स्वीकारलेली श्रद्धा कामाला कशी लावते, हे त्यावरून दिसते. मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढून बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा दिली, हे आपल्या लेखकाने आपल्या बाजूने सांगितले आहे. पण त्या दरबाराच्या मध्यभागी ख्रिस्तच होता, त्याची जागा टिळकांनी रिकामी ठेवली नव्हती.

शेवटी एक विनंती. ख्रिस्ती विषयावरचे लेख आपल्याकडे डिसेंबरात येतात, कारण नाताळ सर्वांना ठाऊक आहे आणि गोठ्यातले बालक कोणालाच अडचणीत टाकत नाही. ख्रिस्ती श्रद्धेचा कणा मात्र पुनरुत्थान आहे. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ, असे पौलाने करिंथकरांना लिहून ठेवले आहे. येत्या ईस्टरच्या रविवारी पुरवणीत या विषयाला अर्धे पान द्यावे, आणि ते प्रस्तुत लेखकांनाच लिहायला सांगितले तरी माझी हरकत नाही.

आपला विश्वासू,
एक ख्रिस्ती वाचक, इंदूर