मनू, शांती स्तूपाचा फोटो बघितला

मनू,

फोन ठेवलास ते बरंच केलंस, अजून दोन मिनिटं चाललं असतं तर माझ्या तोंडातून आणखी काहीतरी गेलं असतं. आई म्हणाली आता लगेच परत लावू नका, पोरीला जेवू दे. म्हणून लिहितोय. गेस्टहाऊसचं वायफाय आलं की वाचशील. प्रीपेड सिम तिथं चालत नाही, पोस्टपेड करून घे, हे निघायच्या आधी तीनदा सांगितलेलं. असो, तो विषय नाही.

विषय तो फोटो. शनिवारी सकाळी रेससाठी लेहला विमानातून उतरलीस आणि रविवारी संध्याकाळी शांती स्तूपावर हात पसरून उभी, खाली लिहिलंय फीलिंग ग्रेट. पाचशे पायऱ्या आहेत त्या. बंडूकाकानं लगेच अंगठा टाकला, त्याला काय कळतंय, तो महाबळेश्वरला जाताना कानात कापूस घालणारा माणूस.

ओरडायला नको होतं मी. 'परत ये घरी' हे तर अजिबात म्हणायला नको होतं, आणि ते पण गौरी घरात असताना. पण तू पण 'पप्पा तुम्ही १९९८ मध्येच अडकलाय' म्हणालीस ते लागलं. खरं असेल म्हणून लागलं असेल.

१९९८ ला आम्हाला चंदीगडवरून एएन-३२ विमानातून लेहला नेलं. दार उघडलं आणि पहिल्यांदा काय वाटलं सांगू, काहीच नाही. ऊन छान, आभाळ एवढं निळं की खोटं वाटावं. सगळी चोवीस-पंचवीसची पोरं, माणची, कागलची, आपल्या अपशिंग्याची, निम्मी तालमीत वाढलेली. आणि ऑर्डर काय, तर दोन दिवस नुसतं पडून राहायचं. संडासला जायचं ते पण हळू. मग दोन दिवस सपाटीवर चालायचं. मग दोन दिवस थोडं चढायचं, ते पण तीनशे मीटरच्या वर नाही. झाले सहा दिवस. पुढं १२ हजार फुटांच्या वर जायचं तर अजून चार दिवस, १५ हजाराच्या वर अजून चार. एकूण चौदा. आम्ही हसायचो, म्हणायचो फौजेत येऊन झोपायचा पगार मिळतोय. तिथं एक बोर्ड फेमस आहे, लामांच्या देशात गामा बनू नका. गामा म्हणजे गामा पैलवान. तालमीतल्या पोरांनी तो बोर्ड वाचला आणि सगळ्यात आधी त्यांच्यातलेच दोघं गामा झाले. एक कोण ते पुढं सांगतो.

तू ऑफिसात भांडून, खारदुंग ला खिंडीवरच्या त्या रेसच्या तेरा दिवस आधी गेलीस हे मला आवडलं होतं खरं सांगायचं तर. मी गल्लीत सांगत होतो, आमची मनू बघा, लोक पाच दिवसात लडाख उरकून येतात, ही तेरा दिवस नुसती हवा अंगात मुरवायला चाललीय. आणि तू दुसऱ्याच दिवशी पायऱ्या.

तुला वाटतं माझा दम चांगला आहे, यवतेश्वरचा घाट मी न थांबता चढते, हिल मॅरेथॉनची चार मेडलं आहेत. आहेत ना, शोकेसमध्ये मीच लावलीत, आज्जीच्या फोटोशेजारी. पण दमाचा आणि याचा संबंध नाही गं. उलट ज्याचा दम चांगला तोच फसतो, कारण त्याला दुसऱ्या दिवशी पायऱ्या चढता येतात. हवेत ऑक्सिजन तिथं पण २१ टक्केच असतो, फक्त दाब कमी, लेहला खालच्या दोन तृतीयांश, खारदुंग ला वर निम्म्याच्या जरासा वर. म्हणजे प्रत्येक श्वासात माल कमी येतो. मग शरीर काय करतं, श्वास वाढवतं, आणि किडनी रक्ताचा हिशोब नव्यानं बसवते, त्याला दिवस लागतात. नवीन रक्त बनायला तर आठवडे. आम्हाला हे एमआय रूममधल्या, म्हणजे फौजेच्या दवाखान्यातल्या, नर्सिंग असिस्टंटनं सांगितलेलं, आणि शेवटी म्हणाला, किडनीला तुमचं प्रमोशन माहीत नसतं. महाराष्ट्रात तू कितीही वर जा, कळसूबाई १६४६ मीटरला संपते. लेहमध्ये तू ज्या पलंगावर बसून हे वाचतेयस तो साडेतीन हजारावर आहे.

लेक्चर झालं. सॉरी. आई म्हणते तुमच्या पत्रात पण सावधान-विश्राम असतं.

मला एवढंच विचारायचं होतं की डोकं दुखतंय का. फोनवर विचारलं तर 'नाही ओ' म्हणालीस, पण तुझं ते 'नाही ओ' मला माहीत आहे. आठवीत पायात खिळा गेलेला, चार दिवस सॉक्समध्ये कापूस घालून कबड्डी खेळलीस, पाय सुजून बूट निघेना तेव्हा कळलं. तेव्हा पण विचारलं तर 'नाही ओ'. दहावीच्या वेळचं तर मी बोलतच नाही. तुला लागलेलं, दुखलेलं, कधी तुझ्या तोंडून कळलंय मला? कायम दुसरं कुणीतरी सांगतं.

आणि हे तू कुणाकडून घेतलंस ते मला माहीत आहे.

कागलवाला, ज्याचा दर दिवाळीला फोन येतो आणि मी गच्चीवर जाऊन बोलतो, आईला वाटतं पैशाचं काहीतरी आहे, तो माझा बडी होता. फौजेत दोघांची जोडी असते, एकानं दुसऱ्याकडं बघायचं. लेहचे सहा दिवस आमचे नीट गेले. वर गेलो, दुसऱ्या स्टेजला, आणि माझं डोकं दुखायला लागलं. आधी कपाळ, मग मागून. जेवण जाईना. मी कुणाला बोललो नाही. का, तर बॅच पुढं जाणार आणि मी मागं राहणार. अपशिंग्यात घरटी एक फौजी, तिथं कळलं की याला हवा लागली तर काय म्हणतील. लग्नाला पाच महिने झालेले. मी चहा प्यायचो, हसायचो, कागलवाला विचारायचा काय रं, तर मी म्हणायचो काय नाय. बघ, शब्दसुद्धा तोच.

चौथ्या दिवशी रात्री खोकला सुरू झाला. आडवं पडलं की श्वास पुरेना, म्हणून भिंतीला टेकून बसलो. छातीत हुक्का गुडगुडल्यासारखा आवाज यायचा, मी ब्लँकेट तोंडावर घ्यायचो म्हणजे ऐकू जाऊ नये. सकाळी उठून बूट घालायला गेलो आणि बुटाची नाडी बांधता बांधता धाप लागली, नुसती नाडी. कागलवाल्यानं बघितलं आणि मला न विचारता सरळ एमआय रूमला गेला. डॉक्टरसाहेबांनी विचारलं कधीपासून, मी म्हणालो आजच सर. मागून हा म्हणाला, साहेब, चार दिवस.

हापो झालेला, म्हणजे फुप्फुसात पाणी. ऑक्सिजन लावला आणि लगेच खाली लेहला आणून हॉस्पिटलात ठेवलं. पहिले दोन दिवस मी कागलवाल्याशी बोललो नाही, चुगलखोर म्हणालो त्याला. नाकात नळी असतानाच तुझ्या आईला अंतर्देशीय लिहिलं, इकडे बर्फ छान पडतो, माझी तब्येत उत्तम आहे, तू काळजी घे. ते पत्र तिच्या त्या लोखंडी पेटीत अजून आहे. आणि तिला हे अजून माहीत नाही, तू पण सांगू नकोस.

आत्ता हे लिहिल्यावर मलाच कळतंय की मी काय लिहिलं. राहू दे.

तुझी ती रूम पार्टनर, बंगलोरची, तिला बडी कर. तिला सांग माझा बाप जरा वेडा आहे, त्याचं म्हणणं आहे की रोज सकाळी आपण एकमेकींकडं बघायचं. जेवण जातंय का. बसल्या जागी धाप लागतेय का. सरळ रेषेत टाचेला चवडा लावून दहा पावलं चालता येतंय का, झोकांडी गेली किंवा बोलणं असंबद्ध वाटलं तर ते डोक्यातलं पाणी, हाको, तिथं वाट बघायची नाही, उचलायचं आणि खाली न्यायचं. साधं डोकं दुखलं तर चढायचं नाही, तिथंच थांबायचं, वाढलं तर उतरायचं. उतरणं हेच खरं औषध, बाकी सगळं तोपर्यंतची सोय. डॉक्टरांनी दिलेली उंचीवरची गोळी, डायमॉक्स, घेतेस ना, १२५ ची दोन वेळा? बोटांना मुंग्या येतील, लघवी जास्त होईल, कोल्ड्रिंक बेचव लागेल, त्याला घाबरू नकोस. झोपेत श्वास थांबल्यासारखा होऊन दचकून जाग येते, तेही तिथं बऱ्याच जणांना होतं. पाणी पी पण ढोसू नकोस. हळीवाचे लाडू किती राहिले? आईनं तीस दिलेत, रूममध्ये वाटून टाकले असशील.

परत सुरू झालो.

बरं, फिर. घरात कोंडून बस असं नाही म्हणत मी. पण क्रम लाव. उद्या-परवा नुसतं बाजारात हिंड, म्हाताऱ्या बायका जर्दाळू घेऊन बसतात, ताजे मिळाले तर खा, वाळलेले येताना दोन किलो आण. गुरगुर चहा पी एकदा, लोण्याचा आणि मिठाचा, पहिल्या घोटाला तोंड वाकडं होईल, माझं तर तिसऱ्या कपाला जमलं. हॉल ऑफ फेम बघ, विमानतळाजवळच आहे, तिथं गेलीस की जरा वेळ काढ, सियाचीनचं सामान ठेवलंय, ते बूट बघ, म्हणजे नाडीचं मी काय म्हणतोय ते कळेल. मग निम्मूला संगम, सिंधू आणि झंस्कार, एकीचं पाणी वेगळं दुसरीचं वेगळं, आम्ही गाडी थांबवून बघायचो. तसंच पुढं आल्चीला जा, ते लेहपेक्षा खाली आहे, जुन्या भिंतींवरची चित्रं आहेत आणि शरीराला पण बरं. ठिकसे, शे नंतर. आणि साऊथ पुल्लूच्या बाजूला चढून पळायची प्रॅक्टिस शेवटच्या आठवड्यात, वर जायचं आणि झोपायला खाली लेहलाच यायचं. दिवसा उंच, रात्री खाली. हे तुझ्या कोचनं पण सांगितलंय, मी बघितलंय तुझ्या वहीत, म्हणजे वही उघडीच होती टेबलावर.

त्या खारदुंग ला वरून मी थ्री टन ट्रकच्या मागं बसून गेलोय, तोंडाला मफलर बांधून. बोर्डावर १८३८० फूट लिहिलेलं, आम्ही सगळ्यांनी फोटो काढले. आता म्हणे जीपीएसनं मोजलं तर १७५८२ च भरतंय. आठशे फूट कमी झाले तरी मला काय वाईट वाटलं नाही, धाप तेवढीच लागलेली. आणि तिथून माझी पोरगी पळत येणार. ७२ किलोमीटर. खारदुंग गावातून पहाटे तीनला अंधारात निघायचं, बत्तीस किलोमीटर नुसता चढ, आणि मग चाळीस उतरत लेह. मी काल रात्री मॅपवर बोटानं तो रस्ता काढत होतो, आई म्हणाली झोपा आता. मला एक दिसतं, तू सहावीत असताना यवतेश्वरच्या घाटात मी स्कूटरवर आणि तू माझ्या पुढं पळत, स्कूटर पहिल्या गिअरला गरम व्हायची, तू मागं वळून म्हणायचीस पप्पा बंद पडली का? बंद नव्हती पडली. मीच हळू चालवायचो, तुझ्या पुढं जायला नको म्हणून. नाही, हे खोटं आहे, त्या वळणावर ती खरंच चढायची नाही.

तू पूर्ण करशील का नाही याची मला काळजीच नाही. चौदा तास देतात, तू अकरात येशील. नाही आलीस तरी चालेल. मला भीती वेगळीच आहे, की वर टॉपच्या अलीकडं कुठंतरी तुझं डोकं फुटत असेल आणि रस्त्यात उभा असलेला मेडिकलचा पोरगा विचारेल मॅडम ऑल ओके? आणि तू म्हणशील.

तू काय म्हणशील ते आपल्या दोघांना माहीत आहे.

ते ऑक्सिजन मोजायचं बोटाचं मशीन बॅगेच्या वरच्या कप्प्यात टाकलंय, सेल नवीन आहेत. कोरोनात आज्जीचं ८८ दाखवलं तेव्हा अर्ध्या रात्री गाडी काढलेली आपण. तिथं लेहला धडधाकट माणसाचं पण सुरुवातीला ८८ दिसतं, तर तू घाबरू नकोस. म्हणजे मी घाबरणार नाही असं लिहायचं होतं. दिवसागणिक वर सरकतंय का तेवढं बघायचं, आणि सकाळची पल्स खाली येतेय का.

उत्तर मोठं लिहू नकोस. राग असला तरी असू दे. सकाळी उठल्या उठल्या चहाच्या आधी दोन आकडे पाठव, ऑक्सिजन आणि पल्स. आणि डोकं, हो किंवा नाही. आकडे बदलून टाकू नकोस मनू. मी पाचपासून जागाच असतो.

पप्पा

ता.क. आज गौरी जेवल्या. तुझ्या वाटच्या दोन पुरणपोळ्या आईनं डब्यात काढून ठेवल्यात, तेरा दिवस कशा टिकणार विचारलं तर माझ्यावरच खेकसली. आत्ता पुरणाचं पातेलं घासतेय. कागलवाल्याचं तिला सांगावं म्हणतोय. बघू, गौरी जाऊ देत.