बटणांच्या फोनवर चालेल अशी सेवा द्या: माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, सविनय नमस्कार.

लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पटवणे, सप्टेंबर 2025 मध्ये सक्तीची झाली. संकेतस्थळाने आधी बाईच्या आधारचा ओटीपी मागितला, मग नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा. नवरा ऊसतोडीला परमुलखात असेल तर ओटीपी त्याच्या खिशातल्या फोनवर जातो, आणि तो वाचून सांगेपर्यंत त्याची 10 मिनिटे संपतात. पुढे मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढली, पण बहुतेकींसाठी वाट तीच राहिली.

ज्या घरात टीव्ही आणि बटणांचा फोन एवढेच आहे, त्या घराला तेवढ्यावरच सेवा मिळाली पाहिजे, ही आमची मागणी. दूरदर्शनच्या डीडी फ्री डिश या छत्रीला महिन्याचे भाडे नाही आणि सह्याद्री वाहिनी तिच्यावर दिसते. 2020 च्या टाळेबंदीत मुलांचे धडे सह्याद्रीवरूनच घरोघरी गेले. पण टीव्ही फक्त सांगतो, त्याला उलट विचारता येत नाही. ते काम मिस्ड कॉलकडे द्या.

टीव्हीवर क्रमांक दाखवला की पाच मिनिटांत हजारो लोक फोन लावतात आणि व्यवस्था कोलमडते. एका पीआरआय लाइनवर, म्हणजे कार्यालयांच्या अनेक कॉल घेणाऱ्या फोनजोडणीवर, एका वेळी 30 कॉल चालतात. कॉल 3 मिनिटांचा धरला तर तासाला 600 माणसे झाली, बाकीच्यांना नुसती एंगेज टोन. मिस्ड कॉल मात्र उचलायचाच नसतो. क्रमांक नोंदवून घ्यायचा आणि रांगेने सरकारनेच उलटा फोन करायचा. शिवाय दिवस वाटून द्या: आज ज्यांच्या मोबाइलचा शेवटचा अंक 0 किंवा 1 आहे त्यांनीच. क्रमांक पडद्याच्या अगदी तळाशी सरकत्या पट्टीत नको. जुने डबा टीव्ही चित्राच्या कडा कापतात, शेवटचे अंक दिसतच नाहीत. तो मोठ्या अक्षरांत 20 सेकंद स्थिर ठेवा आणि एकेक अंक सुटा वाचा. ‘एकोणऐंशी’ ऐकून 89 लिहिणारे पुष्कळ असतात.

उलट्या फोनवर पहिले वाक्य असे हवे: ‘हा सरकारचा फोन आहे, तुमचा ओटीपी किंवा पिन कुणालाही सांगू नका.’ फसवणुकीच्या भीतीने निम्म्यात फोन ठेवणाऱ्यांना यानेच धीर येतो. पर्याय तीनच ठेवा. आधी काम सांगा, मग बटण: ‘हप्ता जमा झाला का हे ऐकायचे असेल तर 1 दाबा.’ बटण आधी सांगितले की काम ऐकेपर्यंत अंक विसरतो. 12 अंकी आधार क्रमांक दाबायला लावू नका. फोन कानावरून काढून अंक शोधेपर्यंत वेळ संपते आणि कॉल तुटतो. नोंदवलेला मोबाइल आणि जन्मवर्षाचे 4 अंक एवढ्यावर हप्त्याची स्थिती सांगता येते. प्रश्न सरळ विचारा. त्या ई-केवायसीत घरातले कोणी सरकारी नोकरीत ‘नाही’ या विधानावर हो की नाही निवडायचे होते. तिथे गोंधळ झाला तो बायकांच्या अडाणीपणामुळे नव्हे, वाक्यामुळे. ‘घरात कोणी सरकारी नोकरीत आहे का? असेल तर 1, नसेल तर 2’ असे विचारले असते तर ती चूक टळली असती.

एसएमएसचेही तसेच. इंग्रजीत एका संदेशात 160 अक्षरे बसतात, देवनागरीत 70. त्यात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळे वेगळे मोजले जातात. ‘हप्ता’ दिसायला दोन अक्षरे, पण मोजणीत पाच. योजनेचे लांबलचक नाव आधी टाकले की कामाची गोष्ट दुसऱ्या संदेशात जाते. म्हणून ‘हप्ता 1500 रु. बँकेत जमा’ हे आधी. काही जुन्या फोनांवर देवनागरीचे नुसते चौकोन उमटतात, त्यांच्यासाठी तोच मजकूर आवाजी कॉलने पाठवा.

सगळ्यात मोठी गळती मात्र क्रमांकाचीच आहे. रिचार्ज 28 दिवसांचे. हंगामात परवडत नाही, सिम पडून राहते, बंद होते आणि काही काळाने तोच क्रमांक दुसऱ्याला मिळतो. आधारला जोडलेला फोन मग परक्याच्या हातात. म्हणून हप्त्याच्या रकमेसारखी माहिती जन्मवर्ष जुळल्याशिवाय बोलू नका. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक बदलण्याचे काम इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे पोस्टमन दारात येऊन करू शकतात, पण गावात हे फार थोड्यांना ठाऊक आहे. टीव्हीवर सगळ्यात आधी हेच सांगा, आणि त्याचे शुल्क शासनाने भरावे.

पहिली चाचणी मुंबई-पुण्यात नको. नंदुरबारच्या धडगाव, अक्कलकुवा आणि अमरावतीच्या मेळघाट या आदिवासी भागांत घ्या. तिथे ध्वनिमुद्रण पावरी, भिली आणि कोरकू या तिथल्या भाषांत लागेल. ते स्टुडिओतल्या निवेदकाकडून न करता त्या भागातल्या आशाताईंच्या आवाजात करून घ्या.

आपले,
सरकारी योजनांचे अर्ज भरून देणारे कार्यकर्ते