जोडीने खेळायच्या खेळाला एकट्याचे माप

मा. संपादक,
स. न. वि. वि.

व्हिडिओ गेमची परीक्षणे आता वृत्तपत्रांतून येऊ लागली आहेत आणि ती चित्रपटांच्या परीक्षणांइतक्याच गांभीर्याने लिहिली जातात, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र लहानमोठ्यांनी एकत्र बसून खेळायच्या प्लॅटफॉर्म गेमबद्दल, म्हणजे उड्या मारत आणि अडथळे ओलांडत पुढे जायच्या खेळांबद्दल, जे लिहिले जाते ते वाचताना एक उणीव सतत जाणवते. खेळ दिसतो कसा, किती तासांत संपतो, सोपा आहे की अवघड, हे सारे परीक्षणातून समजते; पण ज्याच्या हातात कंट्रोलर नुकताच आला आहे अशा खेळाडूला सोबत घेऊन तो खेळता येतो का, याचे उत्तर क्वचितच मिळते. वास्तविक असा खेळ घेऊ पाहणाऱ्याचा पहिला प्रश्न तोच असतो.

नोव्हेंबर 2020 मध्ये आलेल्या ‘सॅकबॉय: अ बिग ॲडव्हेंचर’चे उदाहरण घेतो. सुमो डिजिटलने तयार केलेल्या या खेळाचे समीक्षकांनी एकंदरीत चांगले स्वागत केले. कापड, लोकर आणि पुठ्ठ्याचा हुबेहूब भास देणारे चित्रण, गाण्याच्या तालावर हलणाऱ्या लेव्हल (खेळाचे टप्पे) आणि याच पात्राच्या 2008 च्या ‘लिटलबिगप्लॅनेट’ या खेळामधल्या तरंगत्या, बेभरवशाच्या उडीच्या जागी आलेली नेमकी हालचाल यांचे कौतुक झाले. त्याबरोबरच खेळ फार सोपा आहे, त्यात नवे फारसे नाही आणि स्वतः लेव्हल रचण्याची जुनी सोय काढून टाकली आहे, असे आक्षेपही आले. शेवटचा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. पण ‘फार सोपा’ हा शेरा एकट्याने खेळणाऱ्या सराईत माणसाचा आहे. या खेळात काही लेव्हल अशा आहेत की किमान दोन खेळाडू असल्याशिवाय त्या खेळताच येत नाहीत, आणि इंटरनेटवरून एकत्र खेळण्याची सोय तर प्रकाशनाच्या दिवशी नव्हतीच, ती काही आठवड्यांनी आली. तेव्हा ज्या समीक्षकाजवळ त्या दिवसांत खेळायला दुसरे कुणी नव्हते, त्याने खेळाचा एक भाग न पाहताच निकाल दिला असणार. तसे परीक्षणात नमूद करायला एक वाक्य पुरे होते.

एकट्याला सोपी वाटणारी लेव्हल दोघांना तितकीच सोपी असते, हे गृहीतकच मुळात चुकीचे आहे. 2009 मधल्या ‘न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी’मध्ये चार जण एका वेळी खेळत, आणि त्यांची पात्रे एकमेकांवर आदळत. एकाच्या डोक्यावर दुसऱ्याची उडी पडे, अरुंद फळीवर मागचा पुढच्याला ढकलून खड्ड्यात लोटे, कुणी कुणाला उचलून फेकूनही देई. या गोंधळाला काही समीक्षकांनी धमाल म्हटले, तर काहींनी वैताग. दोन्ही खरे होते. फरक सोबत कोण बसले आहे याचा होता. तुल्यबळ मित्रांमध्ये जी थट्टा होते, तीच नवशिक्याच्या बाबतीत पाचव्यांदा घडली की तो कंट्रोलर खाली ठेवून उठून जातो. त्यावर उपाय म्हणून खेळात बुडबुड्याची सोय होती: एक बटण दाबले की आपले पात्र बुडबुड्यात शिरून सुरक्षित तरंगत राहते आणि कठीण टप्पा पार झाल्यावर जोडीदार त्याला बाहेर काढतो. मात्र ही सोय खुबीची असली, तरी तिच्यात एक तोटा दडलेला आहे. कच्चा खेळाडू हळूहळू बुडबुड्यातच मुक्काम ठोकतो आणि खेळाचा प्रेक्षक होऊन बसतो. परीक्षणात मला ही निरीक्षणे हवी असतात.

2023 च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स वंडर’मध्ये निन्टेन्डोने पात्रांची ही धडक काढूनच टाकली. शिवाय योशी किंवा नॅबिट ही पात्रे निवडली तर शत्रूचा स्पर्श झाला तरी इजा होत नाही, आणि जोडीदाराला योशीच्या पाठीवर बसून जाता येते. थोडक्यात, सोपा-अवघड हा प्रश्न संपूर्ण खेळाऐवजी प्रत्येक खेळाडूपुरता सोडवला गेला. लेव्हल तीच, पण दोघांना पेलेल अशी. अनेक परीक्षणांत या बदलाची नोंद एखाद्या परिच्छेदापुरती होती आणि पुढचा मजकूर लेव्हलगणिक बदलणाऱ्या चमत्कारांच्या स्तुतीला वाहिलेला होता. ती स्तुती रास्तच आहे. परंतु याच खेळात एका स्क्रीनवर खेळताना कॅमेरा मुकुट मिळालेल्या खेळाडूच्या मागे जातो आणि जो मागे पडतो तो दृश्याबाहेर जाऊन भुतासारखा तरंगत परत येतो, या गोष्टीची चर्चा त्याहून जास्त व्हायला हवी होती, कारण जोडीतला कच्चा गडी बहुतेक वेळा दृश्याबाहेरच राहतो.

याच्या उलट टोकाला 2007 चा ‘सुपर मारिओ गॅलक्सी’ होता. त्यात दुसऱ्या खेळाडूला पडद्यावर एक चांदणी मिळे आणि तिने वस्तू गोळा करणे किंवा शत्रूला रोखणे हेच प्रामुख्याने त्याचे काम असे. समीक्षकांनी त्याची दखल जेमतेम अर्ध्या वाक्यात घेतली, आणि मोठ्या खेळाडूच्या नजरेतून ते साहजिकही होते; नवशिक्या जोडीदाराच्या नजरेतून मात्र नव्हे.

आता ‘कुटुंबासाठी’ या शिक्क्याविषयी. स्वीडनच्या हेझलाइट स्टुडिओचा ‘इट टेक्स टू’ मार्च 2021 मध्ये आला आणि त्याच वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’ या व्हिडिओ गेमच्या पुरस्कारांमध्ये त्याला वर्षातील सर्वोत्कृष्ट खेळ आणि सर्वोत्कृष्ट कौटुंबिक खेळ असे दोन्ही मान मिळाले. तो एकट्याने खेळताच येत नाही. त्यामुळे इथे तरी समीक्षकाला जोडीदार शोधावाच लागला, आणि परीक्षणांचा कसही त्याने वाढला. दर प्रकरणात बदलणाऱ्या युक्त्या, दोघांना दिलेली वेगवेगळी साधने, एकाने खेळ घेतला तर दुसऱ्याला विनामूल्य सोबत खेळू देणारा पास, या सर्वांवर नेमके लेखन झाले. घटस्फोटाच्या उंबरठ्यावरच्या आईवडिलांची कथा आणि त्यातला कापडी हत्तिणीचा क्रूर प्रसंग यांवर टीकाही झाली. पण युरोपात हा खेळ 12 वर्षे आणि त्याहून मोठ्यांसाठी असे वर्गीकरण आहे, हे कौतुकाच्या भरात मागे पडले. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: यात दोघांची कामे वेगळी असल्यामुळे एकाला उडी जमली नाही तर ती दुसऱ्याला त्याच्या वतीने मारता येत नाही. बाद झालेले पात्र चटकन परत येते, हे खरे. परंतु मोठ्या लढतीत दोघेही एका वेळी पडले की मागे जावे लागते. म्हणजे पुरस्काराने कौटुंबिक ठरवलेला हा खेळ सात-आठ वर्षांच्या मुलाला ‘वंडर’पेक्षा कितीतरी जड जातो.

समीक्षकांना या प्रकाराविषयी आकस आहे असे मी म्हणणार नाही. ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये 2024 चा सर्वोत्कृष्ट खेळ ठरलेला ‘ॲस्ट्रो बॉट’ लहानमोठ्यांसाठीचा प्लॅटफॉर्म गेमच होता, अर्थात एकट्याने खेळायचा. अडचण कामाच्या पद्धतीत आहे. खेळाची प्रत प्रकाशनाच्या थोडे दिवस आधी हाती येते, मुदत तोंडावर असते, आणि सराईत माणूस तो रात्री एकटा बसून संपवतो. मग पाच-पन्नास परीक्षणांतल्या गुणांची सरासरी निघते आणि संकेतस्थळांवर तो एकच आकडा फिरत राहतो. मुलांचे आहे म्हणून चालवून घेण्याची वृत्तीही मला तितकीच खटकते: ढिसाळ कॅमेरा आणि उशिरा उमटणारी उडी लहान खेळाडूलाच जास्त नडते, कारण चूक आपली की खेळाची, हे त्याला ओळखता येत नाही.

आपल्या पुरवणीसाठी एक सूचना करतो. एकत्र खेळायच्या प्लॅटफॉर्म गेमचे परीक्षण एका सराईत आणि एका नवशिक्या खेळाडूने मिळून खेळल्यावरच छापावे, आणि ते शक्य नसेल तर समीक्षक एकटाच खेळला हे सुरुवातीलाच सांगावे. कॅमेरा कुणाच्या मागे जातो, एक बाद झाला तर दुसऱ्याला थांबावे लागते का, जिवांची शिल्लक दोघांची एकत्र आहे की वेगळी, आणि एकाच स्क्रीनवर किती जण खेळू शकतात, एवढे चार तपशील चौकटीत दिले तर गुणांचा आकडा वगळला तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक